नक्कल शोची करा, मांडे करणारीची नको

प्रति,
जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत टीव्हीवरच्या कुकिंग शोच्या नकला करून रील टाकणाऱ्या सगळ्या मुलामुलींना

पोरंहो,

मी अमळनेर तालुक्यातली. आमचा बायकांचा बचत गट आहे. उन्हाळ्यात आम्ही बिबडे, कुरडया, पापड करतो आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि लग्नसराईत खापरावरच्या, म्हणजे उलट्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या पुरणाच्या मांड्यांच्या ऑर्डरी घेतो. तुमची रील आमच्या गटात सतत फिरत असतात. सून सासूला दाखवते, सासू ती सुरतेला दिलेल्या लेकीला पाठवायला लावते, आणि लेकीचा हसत हसत फोन येतो. म्हणजे तुम्ही आमच्या घरात रोज येता. एकेकाला गाठून सांगितलं असतं तर नुसतं रागावल्यासारखं वाटलं असतं, आणि आता ही गोष्ट एकट्यादुकट्याची राहिलेलीही नाही. म्हणून उघड पत्र लिहिते आहे.

आधी जे मनापासून आवडतं ते सांगते. शेताच्या बांधावर चार विटा, त्यावर फळी, झाला तुमचा ओटा. खताच्या गोणीचा एप्रन. समोर काचेच्या बारा वाट्या. एकीत मोहरीचे चार दाणे, एकीत चिमूटभर हळद, एकीत नुसतं पाणी. अँकर हात जोडून 'आज आपल्यासोबत आहेत खास पाहुणे' म्हणतो आणि मग त्या पाहुण्याला एक वाक्य पुरं करू देत नाही. पाहुण्याने तोंड उघडलं की अँकरचं 'वा!' तयार. हे तुम्ही अगदी बरोबर हेरलं आहे. टीव्हीवर बोलावलेली बाई आयुष्यभराचं शहाणपण सांगायला आलेली असते आणि तिला नेमकं त्याच ठिकाणी तोडून जाहिरात लागते.

दुसरं एक रील तर आमच्या गटात सगळ्यांना पाठ झालं होतं. परीक्षक म्हणून गावातलेच एक आजोबा बसवले आहेत. ठेचा-भाकरीचा घास तोंडात गेला की नगारे वाजतात, कॅमेरा स्पर्धकाच्या घामाकडे, मग आईच्या डोळ्यांकडे, मग पुन्हा घामाकडे. 'निकाल ब्रेकनंतर.' ब्रेक संपतो तोवर आजोबांनी सगळी भाकरी संपवलेली असते आणि ते विचारतात, 'अजून शे का?' या रीलमध्ये हसू कुणावर आहे? घासभर खाण्याचं एवढं नाट्य करणाऱ्या कार्यक्रमावर. आजोबा तर त्या सगळ्या गोंधळातले एकमेव शहाणे आहेत. त्यांना भूक आहे, चव कळते, आणि ते आपल्या बोलीत मोकळेपणाने मागतात. असं रील करायला डोकं लागतं, आणि ते तुमच्याकडे आहे.

ज्यांची नक्कल करता त्या कार्यक्रमांबद्दलही दोन शब्द बोलते, कारण तुमच्यातले बरेच जण ते सुरू झाले तेव्हा जन्मलेही नव्हते. १९९३ मध्ये झी टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झाला आणि संजीव कपूर घराघरांत पोहोचले. २००७ मध्ये झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' आला, प्रशांत दामले गप्पा मारत मारत पदार्थ करून घ्यायचे. २०१० मध्ये 'मास्टरशेफ इंडिया' आला आणि स्वयंपाकाला स्पर्धा, घड्याळ, रडणं आणि परीक्षकांचा तो लांबलचक थांबा चिकटला. मी या कार्यक्रमांची वैरीण नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी वही घेऊन टीव्हीसमोर बसून केक, मंचुरियन, पनीरच्या भाज्या शिकून घेतल्या. घरातलं काम हे कौशल्याचं काम आहे, ते चारचौघांत दाखवण्यासारखं आहे, हे पहिल्यांदा त्या पडद्याने मान्य केलं. त्याचं मोल मला आहे.

पण या कार्यक्रमांना वेळ दाखवता येत नाही. वीस-बावीस मिनिटांत पदार्थ संपवायचा, त्यातही जाहिराती. म्हणून पडद्यामागे एकच पदार्थ तीन-चार टप्प्यांवर आधीच तयार ठेवतात. कांदा कढईत पडतो आणि पुढच्या क्षणाला तो लालबुंद परतलेला असतो. 'हे मी आधीच करून ठेवलं आहे' हे वाक्य तुम्ही इतक्यांदा वापरलंत की आमच्याकडची लहान पोरंसुद्धा गृहपाठाबद्दल तेच म्हणतात. पण त्या वाक्याखाली दडतं काय, तर सगळी मेहनत, सगळा अंदाज आणि सगळ्या फसलेल्या खेपा. नक्कल करणाऱ्याने बोट ठेवायचं तर याच जागेवर, आणि तुमच्यातल्या चांगल्यांनी ते ठेवलंही.

ही विद्या आपल्या भागाला नवी नाही. शेजारच्या मालेगावात २००० सालच्या सुमारास यंत्रमागाच्या गावातल्या पोरांनी हाताशी असलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर गाजलेल्या हिंदी सिनेमांच्या नकला काढल्या. डाकूंना घोडे परवडत नव्हते, तर सायकली दिल्या. ते सिनेमे गावात तिकीट लावून चालले, पुढे जगभर त्यांची चर्चा झाली. त्या नकलेत मालेगावचा माणूस कुठेही बावळट ठरत नव्हता. उलट मुंबईच्या झगमगाटाला तो सांगत होता, की तुमचे घोडे तुमच्याकडे ठेवा, आमचं भागतं. पैसा नसणं त्यांनी लपवलं नाही आणि त्याची लाजही बाळगली नाही. तुमच्या खताच्या गोणीच्या एप्रनात मला तीच खुमारी दिसली होती.

दिसली होती म्हणते, कारण अलीकडे रील बदलली आहेत.

आता बहुतेकांत एक मुलगा लुगडं नेसून, आजी बनून येतो. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर पदर, आवाज चिरका. तिच्यासमोर टापटीप शेफ. शेफ म्हणतो ओरेगॅनो घाला, आजी म्हणते 'काय ऊर गं नो?' आणि मागे हसण्याचा आवाज लागतो. शेफ म्हणतो प्लेटिंग करा, आजी ताट जमिनीवर आपटते. परत हसू. आजीला काही कळत नाही, एवढाच विनोद. तोच दहा रीलमध्ये, बारा रीलमध्ये.

ओरेगॅनो माहीत नसणं यात हसण्यासारखं काय आहे, हे मला खरंच कळत नाही. जो शेफ खान्देशी भरीत करायला उभा राहिला आणि ज्याला भरतासोबतच्या भाकरीचा कळणा माहीत नाही, हसू त्याच्यावर यायला हवं. तो आपल्या घरी आला आहे, आपला पदार्थ करतो आहे, आणि त्याला ज्वारीत उडीद अन् मीठ घालून दळायचं असतं हे ठाऊक नाही. हा विनोद तुमच्या हातात तयार पडला होता. तो सोडून तुम्ही आजीला उभं केलंत.

आणि मग ते मांड्याचं रील आलं. कुणी केलं ते मी लिहिणार नाही. ज्याने केलं त्याला कळेल. एका लग्नात आमच्या गटातली एक काकू चुलीवर मांडे करत होती. वय सत्तरीच्या पुढे. मांडवात गर्दी, धूर, वर मे महिन्याचं ऊन. तिच्या हातावरून खापरावर जाताना एक मांडा फाटला. कुणीतरी ते फोनवर टिपलं. दोन दिवसांत ते रील झालं. फाटण्याचा तो क्षण हळू करून तीनदा दाखवला, वर स्पर्धेतून बाहेर काढतानाचं ते रडकं संगीत, मग लुगड्यातला मुलगा छाती बडवतो आणि परीक्षक म्हणतो, 'आपका सफर यहीं खत्म होता है.' काकूचा चेहरा स्पष्ट दिसतो. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने ते पाहिलं नातवाच्या फोनवर, आणि नातवाला ते शाळेतल्या मुलाने दाखवलं होतं.

त्या दिवशी तिने शेकड्याने मांडे काढले होते. फाटलेला तेवढा एक. कॅमेऱ्याला हवा होता तोच.

काकूला आता ऑर्डरीला बोलावलं की ती आधी विचारते, 'तिथे फोनवाले असतील का?' लग्नात फोन नसतील असं कसं सांगणार? मग ती घरीच पुरण वाटून देते आणि खापरावर दुसरं कुणीतरी बसतं. आमचं नुकसान किती झालं ते सोडा. तिच्याइतका मोठा आणि पातळ मांडा काढणारं आमच्यात दुसरं कुणी नाही, आणि जिला शिकायचं आहे तिला ती आता चारचौघांत शिकवत नाही.

तुम्हाला मांडा कसा होतो ते कदाचित पूर्ण ठाऊक नसेल, कारण तुम्ही पाहता तो शेवटचा अर्धा मिनिट. तो कसा होतो ते नीट सांगते, म्हणजे तुम्ही कशावर हसलात ते कळेल.

गव्हाचं पीठ आधी बारीक चाळतात, तरीही पुन्हा कापडातून वस्त्रगाळ करतात. एक कण जाडा राहिला तर ताणताना तिथून भोक पडतं. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल भिजवतात, आणि मग तिला तिंबत राहायचं, आपटत राहायचं, ती ओढली की तुटायच्या आधी लांब होईल इथपर्यंत. किती वेळ, ते घड्याळ सांगत नाही, मनगट सांगतं. हिवाळ्यात वेगळं, वैशाखात वेगळं. नव्या गव्हाचं वेगळं, जुन्याचं वेगळं. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं, पण त्यात पाण्याचा अंश राहता कामा नये. डाळ शिजली की निथळून घ्यायची, गूळ किंवा साखर घालून आटवायचं, पाट्यावर गंधासारखं मऊ वाटायचं. अख्खा दाणा राहिला की संपलं.

मग दोन छोट्या पुऱ्या, मध्ये पुरण, कडा दाबून बंद. पोळपाटावर थोडं लाटायचं. इथवर कुणालाही जमेल. त्यानंतर तो गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, तळव्यांवर आणि मनगटांवर, आणि फिरवत फिरवत त्याला त्याच्याच वजनाने मोठं होऊ द्यायचं. ओढायचं नाही. ओढला की फाटला. तो कोपरापर्यंत येतो. आतलं पुरण सगळीकडे सारखं पसरलेलं असलं पाहिजे, नाहीतर एकीकडे जड होऊन लोंबतो. आणि या सगळ्यात एक डोळा खापराकडे. उलट्या घातलेल्या मातीच्या खापराखाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ. कमी झाला तर मांडा चिकटतो, जास्त झाला तर टाकताच करपतो. आमची काकू खापराच्या जवळ हात नेते आणि म्हणते, 'खापर आजून तपनं नही.' आम्हाला तोच हात नेऊन काहीच कळत नाही. मग एका झटक्यात मांडा खापरावर. त्या झटक्यात सुरकुती पडली तर ती काढता येत नाही. भाजला की तिथल्या तिथे घडी घालायची, कारण गार झाला की मोडतो.

हे सगळं ती सकाळपासून करत होती, जाळासमोर बसून. 'आपका सफर यहीं खत्म होता है.'

आता एक गोष्ट मला फार दिवस खुपते आहे, ती बोलून टाकते. हिवाळ्यात शेतात भरीत पार्ट्या होतात. तिथे भरीत बहुतेक पुरुष करतात. वांगी जाळात घालणारे, साली काढणारे, लाकडी बडगीत कुटणारे, सगळे दादा-काका. त्यांची रील तुम्ही करता तेव्हा संगीत कोणतं असतं? हिरोच्या एंट्रीचं. धुरातून दादा चालत येतो, हातात उलथणं, गॉगल. तिथे शेफ बावळट ठरतो आणि दादा जिंकतो. कमेंटमध्ये 'वाघ' लिहून येतं. काम तेच, जाळ तोच, घाम तोच. मांड्यावर बाई बसली की मात्र रडकं संगीत आणि चिरका आवाज. तुम्ही हे ठरवून करत नसाल. पण तुमची रील ओळीने लावून बघा, दिसेल.

मुलाने लुगडं नेसू नये असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे तमाशात, वहीगायनासारख्या लोककलेत पुरुष बाईचं सोंग घेत आलेच आहेत. अमेरिकेतलं एक उदाहरण मला या बाबतीत महत्त्वाचं वाटतं. तिथे ज्युलिया चाइल्ड नावाच्या बाई १९६३ पासून बॉस्टनच्या वाहिनीवरून फ्रेंच स्वयंपाक शिकवायच्या. फार लोकप्रिय. डिसेंबर १९७८ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात डॅन आयक्रॉयड या नटाने त्यांचं सोंग घेतलं. बाईचा पोशाख, त्यांचा तो उंच आवाज. कोंबडी कापता कापता बोट कापतं, रक्ताच्या चिळकांड्या उडतात, आणि तरी बाई पाककृती सांगायचं थांबवत नाहीत. कलेजी फेकून देऊ नका, ती कामाला येते, असं बजावत राहतात. ज्युलिया चाइल्ड यांना ही नक्कल इतकी आवडली की त्या ती टेप घरी आलेल्या पाहुण्यांना दाखवायच्या.

का आवडली असेल? मला वाटतं, त्या सोंगात त्यांची कला शाबूत होती. त्या नक्कलेतल्या बाईला कोंबडी येते. तिला तिचं काम येतं, इतकं येतं की रक्त वाहत असतानाही ती ते सोडत नाही. हसू आहे ते काहीही झालं तरी हसतमुखाने कार्यक्रम चालू ठेवायच्या त्या टीव्हीच्या हट्टावर. लुगडं, आवाज, पदर हे सगळं घ्या, पण त्या आजीला मांडा येऊ द्या. तिला येतो, हे तुमच्या नकलेत दिसू द्या. मग बाकी काय वाट्टेल ते करा, आमच्याकडच्या म्हाताऱ्या तुमचं रील स्वतः चार जणींना दाखवतील.

बोलीचंही तसंच. अहिराणीला तुम्ही फक्त आजीच्या तोंडात ठेवलं आहे आणि फक्त चुकायच्या प्रसंगी. शेफ प्रमाण मराठी किंवा हिंदी-इंग्रजी बोलतो, परीक्षक तीच बोलतो, आणि बावळट बोलते ती अहिराणी. पूर्वेकडे यावल-रावेरच्या बाजूला लेवा गणबोलीचं असंच चाललं आहे. पाहणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोराच्या मनात काय बसत असेल? तो घरी आजीशी काय भाषेत बोलेल? २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हा बाहेरगावाहून आलेली शिकलेली माणसं मुद्दाम थांबून आमची बोली ऐकत होती. परक्यांना तिचा मान वाटतो आणि आपली पोरं तिच्यावर हसण्याचा आवाज लावतात, याचं मला वाईट वाटतं. परीक्षकाला अहिराणी बोलू द्या. अँकरला बोलू द्या. कडक, तोऱ्यात बोलू द्या. आजोबांचं ते 'अजून शे का?' सगळ्या खान्देशाने डोक्यावर घेतलं ते म्हणूनच.

हसण्यासारखं किती पडलं आहे! टीव्हीवर 'खान्देशी भरीत' म्हणून काय काय दाखवतात ते पाहा. काळं-जांभळं वांगं गॅसच्या बर्नरवर चिमट्यात धरून फिरवतात, मग त्यात टोमॅटो, हळद, गरम मसाला. आपलं भरताचं वांगं हिरवट-पांढुरकं, मोठं, कमी बियांचं. बामणोदचं, आसोद्याचं नाव त्यासाठी घेतात, आणि २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते पऱ्हाट्यांच्या जाळात सालीसकट भाजायचं, हिरव्या मिरच्या अन् लसूण कुटायचा, कांद्याची पात, तेलात तळलेले शेंगदाणे, कोथिंबीर. भरीत हिरवंच राहायला हवं. शेफ टोमॅटो चिरायला घेतो त्या क्षणी तुमच्या आजोबांना उठवून घरी पाठवा, बघा कसं रील होतं.

शेवभाजीचं तर विचारू नका. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या कुठल्याही ढाब्यावरचं पोरगं सांगेल की शेव वाढताना घालतात, रस्सा उकळत असताना नाही. टीव्हीवर ती कढईत पाच मिनिटं शिजवतात आणि लगदा वाढून म्हणतात, 'काय टेक्श्चर आहे!' शिवाय लाल तिखट जरा जास्त पडलं की तो पदार्थ खान्देशी. आमच्या काळ्या मसाल्यात कांदा-खोबरं कितपत भाजायचं यावर घराघरांत वाद होतात, आणि पडद्यावर एक चमचा पाकिटातली पूड टाकून काम संपतं. यावर रील करा. यात तुमच्या आईची, आजीची बाजू आपोआप वर येते आणि हसूही जास्त येतं.

एक काम तुमची चांगली रील नकळत करून गेली, ते तुमच्या लक्षात आलं आहे का, माहीत नाही. टीव्हीची घाई दाखवायची म्हणून तुमच्यातल्या एकाने मुद्दाम उलटं केलं. आई वाटलेल्या डाळीचे फुणके उकडते आहे, अँकर दर दोन मिनिटांनी घड्याळ बघून अस्वस्थ होतो, आणि आई सावकाश डाळ कितपत जाडी वाटायची, कढी कधी घालायची ते सांगत राहते. विनोद अँकरच्या तळमळीचा होता, पण आईचं सगळं सांगणं त्यात पूर्ण आलं. पुण्यात राहणारी माझी भाची ते रील थांबवून थांबवून बघत कढी-फुणके शिकली. तिच्या आईने आधी फोनवरून सांगून पाहिलं होतं, जमलं नव्हतं. जो पदार्थ टीव्ही अर्धा कापून दाखवतो तो तुमच्या नकलेत अख्खा राहिला. नोकरीसाठी पुणे, नाशिक, सुरतेला गेलेल्या आपल्या माणसांना याची किती गरज आहे! आणि तुमच्याइतकं त्यांच्यापर्यंत दुसरं कोण पोहोचतं? २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामची रील आली आणि गावागावांतली पोरं त्यावर गेली. तेव्हापासून हे सगळं तुमच्या हातात आहे.

अन्नाची नासाडीही थांबवा. शेवटी भाकरी फेकून मारायची, पीठ एकमेकांच्या तोंडाला फासायचं, हे बघताना पोटात तुटतं. एका रीलमध्ये तर खापर फोडलं. चांगलं वळणाचं खापर घडवणारे कुंभार आता थोडे राहिले आहेत. आम्हाला एक खापर तडकलं तर दुसरं शोधायला गावोगाव विचारावं लागतं, आणि नवं आणलं तरी ते हळूहळू तापवून कामाला लावावं लागतं. एकदम जाळावर ठेवलं की फुटतं. तुम्ही ते हसण्याच्या एका क्षणासाठी फोडलंत.

आणि विचारा. एवढंच साधं आहे. कुणाचा चेहरा घेणार असाल तर आधी विचारा, टाकायच्या आधी दाखवा, ती नको म्हणाली तर टाकू नका. लग्नात काम करणारी बाई पैसे घेऊन आलेली असते म्हणून तिचा चेहरा फुकट मिळत नाही. ज्यांना रीलवर जाहिराती मिळतात त्यांनी, ज्या बाईचा पदार्थ दाखवून त्या मिळाल्या, तिलाही द्यावं. किमान तिच्या गावाचं नाव आणि ती ऑर्डर घेते हे खाली लिहावं, तिची हरकत नसेल तर. आमच्यातल्या कितीतरी बायका मेहनतीने सगळं करतात आणि त्यांना गिऱ्हाईक फक्त गावापुरतं मिळतं.

ज्याने ते मांड्याचं रील केलं त्याने ते काढून टाकावं. इतरांनी ज्यांनी ज्यांनी पुढे टाकलं त्यांनीही. माफीचं रील करू नका. त्यात पुन्हा तोच तुकडा दाखवला जाईल. काकूच्या घरी जा आणि तिच्याशी समोरासमोर बोला. ती चिडखोर नाही. आधी पाणी विचारेल.

आखाजीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गटाची तयारी सुरू असते. शिकायचं असेल त्यांनी यावं, मुलगे आणि मुली दोघांनीही. कणीक पहाटे भिजते, तेव्हा उजाडायच्या आत पोहोचा. एक अट आहे. स्वतःच्या हाताने एक मांडा खापरावर टाकेपर्यंत फोन पिशवीत. मग तुमचा तो पहिला मांडा जसा होईल तसा टिपा, फाटला तर फाटला, त्याला हवं ते संगीत लावा. त्या रीलवर आम्ही सगळ्या तुमच्यासोबत हसू. येताना जमलं तर पऱ्हाट्यांचा एक भारा घेऊन या, वाळलेल्या. ओल्या असल्या की धूर फार होतो.

तुमची,
अमळनेर तालुक्यातल्या एका बचत गटातली सभासद